नखाएवढा प्रोसेसर आणि शरणप्पांची बाग

माझ्या दुकानात नवीन आलेला माणूस आधी माझ्याकडे बघत नाही, माझ्या मागं बघतो. मागं भिंत आहे. तिथं कुणीतरी पुरुष बसलेला असेल, तोच खरा मेकॅनिक असेल आणि मी नुसती पावती फाडायला बसलेली बाई असेन, असा त्याचा हिशेब असतो. "साहेब जेवायला गेलेत का?" हे इतक्या वेळा ऐकलंय की आता चिडायचाही कंटाळा येतो. "साहेब मीच. काय बिघडलंय ते ठेवा इथं," म्हणते आणि दिवा लावते.

त्या भिंतीवर माझं बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागावर टॉवेल विणायचे. घरी तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी, अशा तीन भाषांत आम्ही वाढलो आणि तिन्ही भाषांत मला एकच सांगितलं गेलं, की एवढं शिकून काय करणार. तर हे केलं. सात रस्त्याजवळ एक गाळा घेतला आणि बोर्ड दुरुस्त करायला लागले. सर्टिफिकेट लावलंय ते मिरवायलाच लावलंय. उगाच खोटं कशाला बोलू?

दिवाळी अंकाच्या संपादकांनी "धंद्यातल्या गमतीजमती लिहा" असं सांगितलंय. गमती आहेत. पण मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून मान मोडून बसणाऱ्या बाईला त्या नंतर, घरी गेल्यावर आठवतात, आणि तोवर हसायचं त्राण उरलेलं नसतं.

आमचं काम काय, ते आधी सांगते. मोबाईलची काच बदलणारे गल्लोगल्ली आहेत. मी त्यांच्या पुढचं काम करते. बोर्डावरची चिप बिघडली तर ती गरम हवेनं उचलायची, खालची जागा साफ करायची, परत बसवायची किंवा दुसरी लावायची. गेल्या काही वर्षांत यात एका नव्या पाहुण्याची भर पडली, ती म्हणजे हातात धरून खेळायचं आणि मनात आलं तर टीव्हीला लावूनही खेळायचं गेमचं यंत्र. दोन्ही बाजूंना काढून हातात घेता येणाऱ्या बटणांच्या मुठी, मध्ये पडदा. बाहेरगावी, परदेशी गेलेली पोरं येताना घेऊन येतात, नाहीतर पाठवून देतात. बिघडलं की सोलापुरात त्याला वाली नाही. मग कुणीतरी सांगतं, सात रस्त्याला एक बाई आहे.

या यंत्राचा सगळा जीव एका प्रोसेसरमध्ये असतो. आकार माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. हिशेब तोच करतो, चित्रं तोच काढतो. त्याच्या पोटाखाली खसखशीच्या दाण्यांसारखे सोल्डरचे शेकडो बारीक गोळे असतात, त्यांच्यावर तो बोर्डाला चिकटून बसलेला असतो. यंत्र हातात असतं तेव्हा बॅटरी पुरावी म्हणून प्रोसेसर दबकत चालतो. टीव्हीच्या स्टँडमध्ये लावलं की त्याला विजेची ददात नसते, मग तो पळतो. पळाला की तापतो. ती उष्णता एका तांब्याच्या नळीतून छोट्या पंख्यापाशी जाते आणि पंखा ती वरच्या फटीतून बाहेर टाकतो. एवढंच शास्त्र आहे. ती फट मोकळी राहिली तर यंत्र वर्षानुवर्षं चालतं.

पण हे सोलापूर आहे. उन्हाळ्यात इथं माणसाचा प्रोसेसर चालत नाही, तिथं यंत्राचं काय! आणि हवेत कापसाचं पिंज. एमआयडीसीच्या आसपासच्या घरांतून आलेलं यंत्र मी न विचारता ओळखते. पंखा उघडला की आत पांढरी गादी निघते.

पिंज परवडलं, माणसं परवडत नाहीत. विजापूर वेशीकडचा सलीम नावाचा एक बेकरीवाला पोरगा आला होता. यंत्र उघडलं तर बोर्ड पापडासारखा वाकलेला आणि त्याला नानखटाईचा वास.

"सलीम, काय केलंस रे याला?"

"कुछ नै आपा, बंद पड्या था. व्हिडिओ में देख्या, बोर्ड गरम किये तो चालू होता बोलके. हमारी भट्टी तो थीच."

"भट्टीत घातलास?"

"पाव निकाले बाद में डाल्या आपा, थंडी हुई थी थोडी. अम्मी कू नक्को बोलो."

त्या बोर्डाचं मी काही करू शकले नाही. पण व्हिडिओ बघून दुरुस्ती करणाऱ्या किती जणांकडे स्वतःची भट्टी असते? त्या बाबतीत सलीमला मानलं पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले तिच्याकडे येते. ही यंदाच्याच उन्हाळ्यातली.

दुपारची वेळ, रस्त्यावर कुत्रंही नाही. रिक्षातून एक साठीच्या बाई उतरल्या, मागून काठी टेकत त्यांचे यजमान. यजमानांचा उजवा हात छातीशी धरलेला, चाल जरा ओढलेली. लकव्याचं लगेच कळतं. बाईंनी टेबलावर एक वस्तू ठेवली. जाड टॉवेलच्या कापडाची शिवलेली पिशवी, कडेला लाल गोट, दोन्ही बाजूंनी नाड्या बांधलेल्या.

"ह्ये बंद पडलंय बघा मॅडम. चालूच हुईना."

माझ्या मागं न बघता माझ्याशी बोललेलं ते त्या आठवड्यातलं पहिलं गिऱ्हाईक. मी त्यांना खुर्ची दिली. त्या नीलम्मा, कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीच्या. यजमान शरणप्पा. ते एमआयडीसीत जॉबर होते, म्हणजे मागांची दुरुस्ती करणारे, चादरीची नक्षी मागावर चढवून देणारे. अडीच वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समज शाबूत होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्यानं बोटांना काम द्या म्हणून सांगितलं. बेंगळुरूच्या मुलानं हे यंत्र पाठवलं.

"आधी हातच लावत न्हवते," नीलम्मा म्हणाल्या. "मंग पोरानं त्यात गाव करायचा खेळ घालून दिला. घरं बांधायची, झाडं लावायची. आता दिवसभर त्येच. आधी डाव्या हातानं करायचे, आता उजवा अंगठाबी हालतोय की. लई बाग केलीया त्यात. दोन वर्स झाली, नुसती बागच करत्यात."

शरणप्पा मान हलवून "हौदु" म्हणाले. कानडीत होय. झटक्यानंतर तेवढा एकच शब्द त्यांच्याजवळ राहिला होता.

मी पिशवीच्या नाड्या सोडल्या. "पिशवी छान शिवलीय काकू."

"पिशवी न्हाय ओ, झबलं हाय त्येचं. टीव्हीपशी उभं आसतंय तवा घालते. टीव्हीला हाय, मिक्सरला हाय, कूलरला हाय. ह्येलाच उघडं ठिवायचं व्हय?"

आमच्या गावात वस्तूला झाकणं म्हणजे वस्तूचा मान राखणं. माझ्या आईनं रेडिओला फुलांचं कव्हर शिवलं होतं आणि आवाज दबतो म्हणून कुणी तक्रार केलेली मला आठवत नाही.

"चालू असताना पण घालता?"

"मंग? धूळ काय बंद आसताना येती व्हय?" त्या हसल्या. "ह्येंचा हात धड न्हाय, झबलं सारकं खाली पाडायचे. मी घातलं की पाडलं, घातलं की पाडलं. म्हणून नाड्या लावल्या."

शरणप्पा या वेळी हौदु म्हणाले नाहीत. बाहेर उन्हाकडं बघत बसले.

मला तिथंच कळलं. पण आधी यंत्र उघडलं. पंखा पिंजानं जाम झालेला. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. यंत्र जास्त तापलं की पडद्यावर इंग्रजीत सूचना येते आणि ते आपोआप झोपी जातं. ते झोपायचं, गार व्हायचं, शरणप्पा पुन्हा चालू करायचे. तापणं आणि निवणं, तापणं आणि निवणं. त्यात ते खसखशीचे दाणे तडकतात. मायक्रोस्कोपखाली बोर्ड किंचित वाकलेला दिसत होता.

कारण काय ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं, हा माझा नियम आहे. पटो न पटो. म्हणून सांगितलं, "काकू, यंत्राचा श्वास या वरच्या फटीतून असतो. झाकल्यामुळं प्रोसेसर तापला. इथून पुढं झाकू नका."

नीलम्मांनी ते झबलं घडी करून मांडीवर घेतलं.

त्यांच्या बेंगळुरूच्या मुलाशी मी फोनवर बोलले. तो म्हणाला, "मॅडम, यंत्र नवीन पाठवतो, त्याचं काही नाही. बाबांचं गाव तेवढं काढून द्या."

इथंच सगळी मेख आहे. ती लोकांना समजावता समजावता मी थकलेय. मोबाईलमधले फोटो कार्डावर असतात, कार्ड काढून दुसरीकडं घातलं की झालं. या यंत्राचे खेळही कार्डावर असतात, पण खेळणाऱ्यानं त्यात जे केलं ते आतल्या मेमरीत राहतं. आणि त्या मेमरीला कुलूप असतं. त्याची किल्ली कारखान्यातच प्रोसेसरच्या पोटात जाळून ठेवलेली असते, प्रत्येक यंत्राची वेगळी. ती बाहेर काढता येत नाही. दुसरा प्रोसेसर आणून बसवला तर त्याच्याजवळ त्याची स्वतःची किल्ली, या कुलपाला लागणार नाही. म्हणजे मेमरी ठणठणीत आहे, गाव आत जसंच्या तसं आहे आणि तरी कुणालाही दिसणार नाही. खेळांची चोरी होऊ नये म्हणून कंपनीनं केलेली सोय. तिच्या जागी ती बरोबरच असेल. पण हे मला सात रस्त्याला बसून लकवा झालेल्या माणसाला सांगावं लागतं, कंपनीला नाही.

वर्गणी भरून इंटरनेटवर प्रत ठेवायची सोय असते. यांनी ती घेतलेली नव्हती. कुणीच घेत नाही.

तेव्हा मार्ग एकच. तोच मरायला टेकलेला प्रोसेसर थोडा वेळ तरी जिवंत करायचा आणि तेवढ्यात गाव नव्या यंत्रात हलवायचं. त्यासाठी दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी चालू लागतात.

मी प्रोसेसर उचलला. गरम हवा किती, किती वेळ, कुठल्या बाजूनं, हे आता हाताला कळतं, पुस्तकात मिळणार नाही. कमी पडली तर चिप हलत नाही, जास्त झाली तर आतून फुगते आणि संपते. उचलल्यावर खालची जागा बघून माझा चेहरा पडला. काही दाण्यांनी बोर्डावरची तांब्याची टिकलीच सोबत उखडून आणली होती. त्या जागी केसाहून बारीक तारा ओढल्या. नवीन दाणे बसवले. त्या दिवशी दुसरं काही काम केलं नाही. पडदा उजळला तेव्हा मी एकटीच दुकानात होते आणि मोठ्यानं "अब्बा!" म्हणाले, दखनी गल्लीत वाढल्याचा परिणाम.

पण भरवसा नव्हता. जरा तापलं की पडद्यावर रेघा येत होत्या. मी बंद करून ठेवलं आणि नव्या यंत्राची वाट बघितली.

नवं पार्सल आलं तसे दोघं सकाळीच आले. मी पाठीचं झाकण काढून जुनं यंत्र कूलरच्या तोंडासमोर ठेवलं. पाणी न घालता, नुसती हवा.

"कूलर त्येलाच का?" घाम पुसत नीलम्मा म्हणाल्या. "आमी काय पाप केलंय?"

"आजच्या दिवस तो पाहुणा, काकू."

आधी दोन्ही यंत्रांतली प्रणाली सारखी करावी लागते. जुन्यात नवी आवृत्ती उतरवायची म्हणजे प्रोसेसरला पळवायचं. काम किती झालं ते दाखवणारी रेघ सरकत होती आणि मी बोट तांब्याच्या नळीवर ठेवून बसले होते. चटका बसायला लागला की थांबवायचं, निवलं की पुढं. पुरं झालं तेव्हा शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं स्वतःहून चहा पाठवला. त्यालाही टेन्शन आलं होतं म्हणे.

मग गाव आत नीट आहे ना ते बघायला मी खेळ उघडला. खरं तर नुसतं उघडून बंद करणार होते. पण पडद्यावर जे आलं ते बघून हात थांबला.

एक नदी, चार-दोन घरं आणि बाकी सगळी फुलं. लाल, पांढरी, पिवळी, रांगेनं, कोनात, चौकटीत. वरून बघितलं तर सोलापुरी चादर. काठ वेगळा, मधली नक्षी वेगळी, कोपऱ्यात मोर. एकेक फूल म्हणजे एकेक धागा. माणसानं एका अंगठ्यानं मागावर चढवतात तशी नक्षी चढवली होती.

"ही कुठली डिझाईन, काका?"

शरणप्पांनी डाव्या हातानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "हौदु," म्हणाले.

"तेंची सवताची," नीलम्मांनी सांगितलं. "मालकानं कदी घेतली न्हाय. लई धागा लागतोय म्हणायचा."

मी खेळ बंद केला आणि हलवाहलव सुरू केली. दोन्ही पडद्यांवर एकेक रेघ आली. रेघ निम्म्यावर गेली. जुन्या पडद्यावर बारीक आडव्या रेघा आल्या आणि गेल्या. मी नळीला हात लावला, फार तापलेली नव्हती. कूलर अजून जवळ ओढला. पुन्हा रेघा आल्या. मग पडदा एकदम सगळाच निळा झाला, आणि विझला.

नव्या यंत्रावर जोडणी तुटल्याची सूचना आली. अर्धं गाव वगैरे काही येत नाही. येतं तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही.

मी पुन्हा गरम हवा दिली. तारा तपासल्या. दुसऱ्या बाजूनं वीज देऊन बघितली. दाणे ठीक होते, तारा ठीक होत्या. या वेळी प्रोसेसरच आतून गेला होता, आणि आत माझी हवा पोचत नाही. तरी मी बराच वेळ काहीतरी करत राहिले, कारण मान वर केली की सांगावं लागणार होतं.

शेवटी दिवा बंद केला. "गेलं, काका. नाही जमलं मला."

शरणप्पा विझलेल्या पडद्याकडं बघत होते. एक शब्द होता त्यांच्याजवळ, तोही बोलले नाहीत.

नीलम्मा मात्र माझ्याकडं बघत होत्या. "मॅडम, एक विचारू? खरं सांगायचं."

"विचारा."

"नाड्या बांदल्या नसत्या तर ऱ्हायलं आसतं का?"

या प्रश्नाची मऊ उत्तरं मला पुष्कळ येतात. यंत्र जुनंच होतं, हवाच खराब आहे, नशिबात नव्हतं. एवढी वर्षं गिऱ्हाइकं सांभाळल्यावर ती तोंडातच असतात. पण त्यांनी खरं मागितलं होतं.

"राहिलं असतं बहुतेक," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. यजमानांकडं न बघता त्या म्हणाल्या, "मंजे तेनी पाडत न्हवते. काडत होते. मला सांगत होते. आन मी वर आनी बडबडायची, की धा वेळा उचलू का म्हणून."

दुकानात तोवर आणखी दोन गिऱ्हाइकं येऊन उभी होती. एकानं फोन पुढं केला, "मॅडम, आमचं तेवढं चार्जिंगचं..."

"थांबा," मी म्हटलं. तो माझ्या मागं भिंतीकडं बघायला लागला.

शरणप्पांनी काठी टेबलाला टेकवली आणि नवं यंत्र आपल्याकडं ओढलं. मी खेळ लावून दिला. कोरा हिरवा माळ आला आणि खेळानं विचारलं, गावाचं नाव काय ठेवायचं. मी यंत्र हातात घ्यायला गेले, कारण अक्षरं एकेक करून निवडावी लागतात आणि ते किचकट असतं. त्यांनी डाव्या हातानं माझा हात बाजूला केला. इंग्रजी अक्षरं त्यांना मागांवरच्या लोखंडी पाट्या वाचून येत होती.

उजवा अंगठा. अक्षराच्या पुढं जायचा, परत मागं यायचा, थरथरायचा, थांबायचा. एक अक्षर लागलं. मग दुसरं. फोनवाला टेबलावर वाकून बघायला लागला आणि चार्जिंगचं विसरला. मी खुर्चीत मागं टेकले. पाठ दुखत होती. कुणाला काही सांगायचं उरलं नव्हतं, तेवढंच बरं वाटत होतं.

बटण दाबून त्यांनी नाव पक्कं केलं आणि यंत्र टेबलावर बायकोच्या पुढं सरकवलं.

नीलम्मांना इंग्रजी येत नव्हतं. "काय लिवलंय ओ?" त्यांनी मला विचारलं.

"नीलम्मा," मी वाचून दाखवलं.

बाईंचा चेहरा तांबडा झाला. पदर उगाच नीट केला. "अग्गे! चाळीस वर्सांत कदी नावानं हाक न्हाय मारली मानसानं. आन आता चार लोकांत?" नवऱ्याकडं एकदा बघितलं. ते "हौदु" म्हणाले. मग त्यांनी मला हळूच विचारलं, "ते पुसता येतंय का, मॅडम?"

"येतं की. पुसू?"

त्यांनी पडद्याकडं बघितलं. वाचता येत नव्हतं तरी बघत राहिल्या.

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या.